काजळी, तळणीचे तेल आणि इंजिनाची झीज

आमच्या लहानपणी घरात काजळ विकत आणण्याची पद्धत नव्हती. रामबागेतील जुन्या घराच्या माजघरात आजी तुपाचे निरांजन लावी, त्याच्या दोन बाजूंस दोन वाट्या ठेवी आणि त्यांवर तांब्याची ताटली पालथी घाली. सकाळी त्या ताटलीच्या पोटाला मखमलीसारखा काळा थर धरलेला असे. तो करंगळीने काढून, लोण्यात कालवून डबीत भरला, की पुष्कळ दिवसांची बेगमी झाली. डोळ्यांचे डॉक्टर आज असले काजळ घालू नका म्हणतात, तो भाग निराळा; परंतु ती काजळी बोटाला किती मऊ लागे, हे आमच्या पिढीच्या वाचकांना सांगावयास नको. अशा वस्तूने पोलाद झिजते असे कोणी त्या वेळी म्हटले असते, तर आजीने त्याला वेड्यात काढले असते.

आज त्याच काजळीविषयी लिहावयाचे कारण असे, की आमच्या परिचयाच्या एका इंदूरकर मराठी कुटुंबाची मिनीबस गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत बंद पडली. घरातील वडीलधाऱ्यांनी निवृत्तीनंतर हाती आलेले पैसे आणि बँकेचे कर्ज मिळून ही गाडी घेतली होती. ओंकारेश्वर, उज्जैन, शिर्डी, आषाढीच्या आधी पंढरपूर आणि मधल्या दिवसांत वऱ्हाडे, असा तिचा वर्षाचा क्रम. थोरला मुलगा स्वतः गाडी चालवी; हिशेब सूनबाई ठेवीत. इंजिनातून आधी खडखड ऐकू आली, मग तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, आणि दोन दिवसांनी गाडी ओढून देवास नाक्याकडील एका गॅरेजात न्यावी लागली. ठरलेली तीन वऱ्हाडे दुसऱ्याच्या गाडीने गेली, कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस आला. वडीलधाऱ्यांनी आम्हांला बोलावणे पाठविले ते, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, “हे इंजिन वेळेआधी म्हातारे कसे झाले, तेवढे समजून घ्यायला.”

आम्ही गेलो तेव्हा इंजिन उघडून ठेवलेले होते. मिस्त्री वयस्कर, बोलणे माळव्याकडचे. त्यांनी एकेक भाग पुसून आमच्या हाती दिला. क्रँकच्या बेअरिंगचा रुपेरी थर जागोजाग गेला होता आणि खालचा तांबूस धातू दिसत होता. नव्या लायनरच्या आतल्या अंगाला तिरप्या बारीक रेघा असतात, तेल धरून ठेवण्यासाठी त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. येथे वरच्या भागात त्या साफ नाहीशा होऊन आरसा झाला होता. कॅमच्या उंचवट्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. तेल ओढून घेणाऱ्या पंपाच्या जाळीवर काळ्या खळीसारखा चिकटा बसला होता.

आम्ही म्हटले, तेल फारच काळे झाले असेल. मिस्त्री हसले. “भाऊसाहब, काला होना तो आयल का धरम है. काला नहीं पड़े, तो समझो काम नहीं कर रहा.” मग त्यांनी विचारले, की गाडी डिझेल कोठले पीत होती? यावर मुलगा काही बोलेना. सूनबाईंनी वही उघडली. गेल्या सात-आठ महिन्यांत महामार्गावरील एका ठिकाणाहून पुष्कळदा “बायो” या नावाखाली इंधन भरल्याची नोंद होती. लिटरमागे बरेच रुपये वाचत होते आणि ती बचत त्यांनी निराळ्या रकान्यात काटेकोरपणे मांडलेली होती. त्याच वहीत आणखी एक गोष्ट दिसली. पूर्वी दर महिन्यास थोडे इंजिन-तेल वरून घालावे लागे. या सात-आठ महिन्यांत ते एकदाही घालावे लागले नव्हते. “गाडी तेल खाईनाशी झाली म्हणून आम्ही खूष होतो,” सूनबाई म्हणाल्या. तेल बदलण्याची वेळही त्यामुळे दोनदा पुढे ढकलली गेली होती.

मिस्त्रींनी मान हलविली ती या नोंदीवर. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्मही त्याच नोंदीत आहे. परंतु ते उलगडण्यापूर्वी इंजिनातील तेल नेमके काय करते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

तेलाचे काम दोन तऱ्हांनी चालते. क्रँक वेगाने फिरत असतो तेव्हा तो बेअरिंगला टेकलेलाच नसतो. साबणाचे पाणी सांडलेल्या फरशीवरून पाट घसरावा, तसा तो तेलाच्या थरावर तरंगतो. येथे धातूला धातू लागत नाही, म्हणून झीजही नाही. परंतु इंजिनात अशा काही जागा आहेत, की तेथे हा थर टिकत नाही. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो, तेथे रिंग आणि लायनर यांच्यामधील तेल जवळजवळ पुसले जाते. कॅम आणि टॅपेट यांची गाठही अशीच पडते. या ठिकाणी नुसता दाटपणा उपयोगाचा नाही. म्हणून १९४० च्या दशकापासून तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले एक संयुग मिसळण्यात येते. घर्षणाच्या जागी उष्णता व दाब वाढला, की हे संयुग धातूच्या पृष्ठावर स्वतःच एक काचेसारखी कवचाची साय धरते. झिजावयाचे ते ही साय झिजते, धातू वाचतो. साय गेली, की तेलातून पुन्हा धरली जाते. तिची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी; माणसाच्या केसाचा सुमारे सातशेवा हिस्सा. लाखो किलोमीटर धावणाऱ्या ट्रकांचे आयुष्य एवढ्याशा सायीवर अवलंबून असते, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांलाही खरे वाटले नव्हते.

आता काजळी. डिझेल हे पेट्रोलसारखे ठिणगीने पेटत नाही. दाबून तापविलेल्या हवेत ते फवारले जाते आणि पेटते. फवाऱ्याच्या पोटात हवा पुरेशी पोहोचत नाही, तेथे अर्धवट ज्वलन होऊन काजळी धरते. निरांजनावर ताटली धरावी, तोच प्रकार. यांतील पुष्कळशी धुरातून बाहेर जाते, परंतु थोडी सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाला लागते आणि रिंगांबरोबर खाली चेंबरात उतरते. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसतसा धूर पांढरा झाला खरा. पण नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी करण्यासाठी जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडण्याची युक्ती आली, तिने तेलात उतरणारी काजळी वाढली. बाहेरची हवा सुधारली, त्याचा काही भार असा तेलावर पडला.

काजळीचा एकेक कण मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या दोन-चार पटींएवढा, म्हणजे नजरेच्या सर्वस्वी पलीकडचा. परंतु हे कण सुटे राहत नाहीत; माळा करून राहतात, आणि त्या माळेची लांबी-रुंदी वर सांगितलेल्या सायीच्या जाडीशी जुळणारी असते. त्यामुळे जेथे रेतीचा कण शिरणार नाही अशा फटीत काजळी शिरते. १९७७ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतील राउंड्स या संशोधकाने डिझेल-इंजिनाच्या झिजेचे कारण कार्बन हेच आहे काय, असा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच उभा केला. त्यांचा तर्क असा, की काजळी तेलातील संरक्षक संयुगे स्वतःच्या अंगाला चिकटवून घेते आणि धातूसाठी काही उरू देत नाही. काहींना वाटे, की काजळीमुळे तेल इतके दाट होते की ते अरुंद जागी पोहोचतच नाही. ही दोन्ही कारणे काही अंशी खरी असावीत.

परंतु अलीकडच्या काळात लंडनच्या इंपिरियल कॉलेजात प्राध्यापक ह्यू स्पाइक्स आणि त्यांचे सहकारी यांनी जे प्रयोग केले, त्यांतून एक विलक्षण गोष्ट दिसून आली. काजळी घातलेल्या तेलात ते संरक्षक संयुग असताना धातूची झीज काही वेळा संयुग नसतानाच्या झिजेहूनही अधिक होते! रक्षक असावा आणि चोरी वाढावी, तसा हा प्रकार. याचा उलगडा आमच्या भगिनीवर्गाला आमच्यापेक्षा लवकर होईल. पितळेचे भांडे काळवंडले, की आपण चिंच लावतो आणि राखेने घासतो. चिंचेच्या आंबटाने वरचा थर सुटा होतो, राख तो खरवडून नेते, भांडे लख्ख होते. मात्र दर वेळी भांड्याचे थोडे पितळही जाते. उघडे पडलेले पितळ पुन्हा काळवंडते, पुन्हा चिंच, पुन्हा राख. जुन्या तपेल्यांचे बूड पातळ होते ते असेच. इंजिनात संयुग धातूशी संयोग पावून साय धरू लागते. सायीच्या या कोवळ्या, पहिल्या थरात लोखंडाचा अंश असतो. तो पक्का होण्याआधीच काजळी त्याला खरवडते. उघडे लोखंड पुन्हा संयुगाच्या तोंडी जाते. साय काही धरत नाही, लोखंड मात्र खर्ची पडत राहते. लायनरचा तो आरसा म्हणजे लख्ख घासलेले भांडेच होते.

मग संयुग वाढवावे तर तेही हातात नाही. फॉस्फरस व राख धुराच्या नळीतील शुद्धीकरणाच्या साधनांना बाधतात, म्हणून नव्या तेलांत त्यांवर मर्यादा घालण्यात आली. अमेरिकेत २००६ साली आलेल्या सीजे-४ या प्रतीच्या तेलात फॉस्फरस शेकडा ०.१२ हून अधिक चालत नाही. यास्तव तेल करणाऱ्यांचा भर राहिला तो काजळीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या, साबणासारख्या द्रव्यांवर. मिस्त्रींचे म्हणणे येथे शास्त्राला धरूनच आहे: तेल काळे दिसते, कारण ते काजळीला पोटात विखरून धरते आहे. हे द्रव्य संपले, की कण गोळा होतात, तेल खळीसारखे दाटते आणि पंपाच्या जाळीवर बसते.

आता दुसरा पाहुणा, जैव डिझेल. याच्याकडे निव्वळ संशयाने पाहणे आम्हांला पसंत नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. तेव्हा वनस्पतींचे तेल आणि हे इंजिन यांची सोयरीक जुनी आहे. परंतु कच्चे तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. आजच्या नाजूक फवाऱ्यांतून ते धड फवारले जात नाही. म्हणून शंभर किलो तेलास दहा-अकरा किलो मेथॅनॉल घालून, क्षाराच्या साहाय्याने त्यातील ग्लिसरीन वेगळे काढतात. उरते ते पातळ, डिझेलसारखे वाहणारे एस्टर. तेच जैव डिझेल. त्याच्या रेणूत वजनाने शेकडा दहा-अकरा भाग ऑक्सिजन असल्याने ते जळताना काजळी कमी धरते. शिवाय डिझेलमधील गंधक कमी करण्यात आले, तेव्हा त्याचा स्वाभाविक ओशटपणाही गेला. दहा लाख भागांत ३५० भाग गंधकावरून आपण ५० वर आणि १ एप्रिल २०२० पासून १० वर आलो. इंधनाचा पंप त्यामुळे कोरडा घासू लागेल, अशी जी भीती, ती शेकडा एक-दोन भाग जैव डिझेल मिसळले तरी दूर होते. इंधनाच्या टाकीत हा पाहुणा सज्जन आहे.

अडचण होते ती तो चेंबरात उतरल्यावर. थोडेफार इंधन रिंगांवरून खाली उतरणे कोणत्याच इंजिनात चुकत नाही. साधे डिझेल सुमारे १८० अंशांपासून उकळू लागते. तापलेल्या तेलातून त्याचा हलका भाग हळूहळू वाफ होऊन निघून जातो. जैव डिझेल मात्र जवळजवळ सगळेच सव्वातीनशे अंशांच्या पुढे उकळणारे. चेंबरातील तेल शंभर अंशांच्या आसपास राहते. म्हणजे हा पाहुणा एकदा आला, की जाण्याचे नाव काढीत नाही. तो तेल पातळ करतो. धातूच्या पृष्ठाला चिकटण्याची त्याची वृत्ती असल्याने संरक्षक संयुगाची जागा अडवितो. ताजे असताना थोड्या प्रमाणात त्याने फारसे बिघडत नाही, असेही प्रयोगांत दिसले आहे. खरा उपद्रव पुढे सुरू होतो, तो शिळे झाल्यावर.

तळणीच्या कढईच्या काठाला जो पिवळा, बोटाला सोडत नाही असा चिकटा जमतो, तो आपल्या ओळखीचा आहे. जवसाचे तेल उघड्यावर पातळ पसरले तर वाळून वार्निशासारखे होते. हवेतील ऑक्सिजन तेलाच्या रेणूंना आधी आंबट करतो, मग एकमेकांत गुंफतो. जवसात हा गुण सर्वांत अधिक. पण आपल्या माळव्याच्या सोयाबीनच्या तेलातही लिनोलेइक हे चटकन बिघडणारे मेदाम्ल निम्म्याच्या आसपास असते आणि जवसातील लिनोलेनिक शेकडा सात-आठ भाग. चेंबरातील उष्णता, हवा आणि लोखंड-तांब्याचे सूक्ष्म कण यांच्या संगतीत हेच घडते. तयार झालेली आम्ले बेअरिंगमधील शिसे व तांबे खातात. तेलातील आम्लनाशक चुना आणि काजळी विखरून धरणारे द्रव्य त्यांच्याशी लढण्यात संपून जाते. मग काजळी गोळा होते. चिंच या पाहुण्याने आणली, राख त्या पाहुण्याने, आणि घासणे तर अहोरात्र चालूच आहे.

आता सूनबाईंच्या वहीकडे परत येऊ. काजळीने तेल दाटते. जैव डिझेलने पातळ होते. दोन्ही एकदम आली, तर दाटपणा मोजून पाहिला तरी तो जवळपास नव्या तेलाएवढाच भरू शकतो! बोटांच्या चिमटीत तेल घेऊन पारख करणारा अनुभवी चालकही येथे फसतो. आणि जे तेल रोजच्या चालण्यात जळून कमी होत होते, तेवढीच भर वरून उतरणारे इंधन घालीत होते. म्हणून गेजवरची पातळी हलली नाही. ज्या नोंदीवर कुटुंब खूष होते, ती वस्तुतः धोक्याची पहिली सूचना होती. पातळी न हलणे यापेक्षाही पातळी वाढणे वाईट, आणि नव्या मोटारींच्या मालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींत धुराच्या मार्गावर काजळीची गाळणी असते. ती भरली, की इंजिन स्वतःच जास्तीचे इंधन फवारून तिच्यातील काजळी जाळते. राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत अशा गर्दीतल्या लहानसहान फेऱ्यांत हे जाळणे मध्येच अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी थोडे इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरात ओघळते. त्यात जैव डिझेल असेल, तर ते तेथेच राहिले म्हणून समजावे.

या विषयाचा आमच्या शहराशी संबंध केवळ एका मिनीबसपुरता नाही. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे १९८६ पासून आयशरचे ट्रक तयार होतात. तेथेच २०१३ साली व्होल्वोशी भागीदारीत युरो-६ दर्जाच्या डिझेल-इंजिनांचा कारखाना उभा राहिला. पुण्याच्या फिरोदियांच्या बजाज टेंपोचा, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचा, कारखानाही पिथमपुरातच आहे, आणि त्या निमित्ताने पुण्याकडची किती मराठी घरे या भागात येऊन स्थायिक झाली, हे वाचक जाणतातच. २०२१ पासून तेथे ११.३ किलोमीटरची वेगचाचणीची अंडाकृती धावपट्टी आहे. दुसरीकडे सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ साली स्थापन झाले ते इंदुरात. आणि तळणीच्या तेलाविषयी इंदूरकरांना काय सांगावे! सराफ्यातील रात्र आणि सेवेशिवाय न उगवणारी सकाळ, यांमुळे एका शहरात किती कढया तापत असतील, याचा हिशेब कोणी केला आहे असे वाटत नाही.

म्हणूनच वडीलधाऱ्यांच्या पत्नींनी चहा देता देता जो प्रश्न विचारला, तो आम्हांला महत्त्वाचा वाटला. “मग आमचे तळणीचे उरलेले तेल त्या गोळा करणाऱ्यांना द्यायचे की नाही? आमच्याच तेलाने आमची गाडी बसली म्हणायची काय?” त्यांना आम्ही जे सांगितले, तेच येथे सांगतो: तेल अवश्य द्यावे. पुन्हा पुन्हा तापविलेले तेल पोटात जाण्यापेक्षा इंजिनात जाणे बरे. जुलै २०१८ पासून ज्या तेलात ध्रुवीय संयुगे शेकडा २५ हून अधिक झाली ते तळणीस वापरू नये असा नियमच आहे, आणि १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी अशा तेलापासून केलेले जैव डिझेल विकत घेण्याची योजना शंभर शहरांसाठी जाहीर केली. आपल्या देशाला खाद्यतेल मोठ्या प्रमाणात परदेशांतून आणावे लागते; ताजे सोयातेल इंजिनात जाळणे आपल्याला परवडणारे नाही. २००९ च्या धोरणात रतनज्योतीच्या भरवशावर २०१७ पर्यंत शेकडा २० भाग मिसळण्याचे स्वप्न होते, ते फळले नाही. २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत शेकडा ५ हे अधिक शहाणपणाचे लक्ष्य ठेवले. रेल्वेने तर ३१ डिसेंबर २००२ रोजीच दिल्ली-अमृतसर शताब्दी शेकडा ५ मिश्रणावर चालवून पाहिली होती.

दोष पाहुण्याचा नव्हे, तो किती संख्येने आणि कोणत्या वेषात आला याचा आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे शुद्ध जैव डिझेल विकावयाचे ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी. थेट गाडीत भरण्यासाठी नव्हे. “बायो” म्हणून महामार्गावर जे स्वस्तात मिळते, त्यात किती एस्टर, किती न धुतलेले ग्लिसरीन व मेथॅनॉल आणि किती कारखान्यातले भलतेच तेल, हे विकणाराच जाणे. गुजरातेत अशा विक्रीवर २०२० च्या सुमारास सरकारला धाडी घालाव्या लागल्या. मुलाने हे ऐकले आणि मान खाली घातली. त्याला बोल लावणे आम्हांला जमले नाही. लिटरमागे वाचणारे रुपये हप्त्याच्या तारखेला उपयोगी पडत होते. पण ज्या रकान्यात ती बचत मांडली होती, तिची बेरीज इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे निम्म्याहून कमी भरली.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये नोकरी केलेले वाचक म्हणतील, की आम्ही तर दर काही दिवसांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देत होतो. खरे आहे. नमुन्याचा प्रकाश तपासून दहा लाख भागांत लोखंड किती, तांबे किती, शिसे किती हे सांगता येते, आणि कोणता भाग झिजतो आहे ते इंजिन न उघडता कळते. लोखंड वाढले तर लायनर, रिंग किंवा कॅम. शिसे-तांबे वाढले तर बेअरिंग. एका मिनीबसच्या धन्याला मात्र हे दर वेळी परवडत नाही. त्यासाठी मिस्त्रींनी एक जुना उपाय दाखविला. गरम इंजिनातील तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकावयाचा आणि कागद रात्रभर आडवा ठेवावयाचा. काजळी विखुरलेली असेल, तर ठिपका बाहेरपर्यंत एकसारखा करडा पसरतो. मध्ये डांबरासारखा काळा गोल आणि भोवती जवळजवळ स्वच्छ कडे असे दिसले, तर काजळी गोळा होऊ लागली. तेल त्याच आठवड्यात काढावे. इंधन पुष्कळ उतरले असेल तर सर्वांत बाहेर फिकट, ओलसर वलय उमटते, पण ही खूण दर वेळी भरवशाची नाही. जैव डिझेलला डिझेलसारखा उग्र वासही नसतो, त्यामुळे तेल हुंगून काही कळत नाही. त्यासाठी गेजची पातळी, आणि ती लिहून ठेवलेली वही, हाच आधार.

इंजिन बांधून झाले. मिस्त्रींनी नवे तेल घालताना डब्यावरील अक्षरे मुलाकडून दोनदा वाचून घेतली, आणि पहिले तेल नेहमीच्या निम्म्या अंतरावरच काढावयास सांगितले. नव्या रिंगांचा कीस त्यात येतो म्हणून. काढलेले तेल कोठे जाते, असे आम्ही विचारले. पूर्वी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावण्यासाठी लोक नेत असत, असे ते म्हणाले. आता ते पिंपात साठवून परवानाधारकाला देतात. वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल करणाऱ्यांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत.

सूनबाईंच्या वहीत आता बचतीचा रकाना नाही. त्या जागी टिपकागदाचे चौकोनी तुकडे डकविलेले असतात आणि प्रत्येकाखाली किलोमीटर, गेजची पातळी आणि पंपाचे नाव. पंढरपूरच्या खेपेहून गाडी परतल्यावर घेतलेला ठिपका त्यांनी आम्हांला दाखविला. करडा, मोठा आणि कडेपर्यंत एकसारखा होता. पातळी मात्र खेपेपूर्वीच्या खुणेहून अर्धे बोट खाली गेली होती. “थोडे तेल खाल्ले तिने,” त्या समाधानाने म्हणाल्या, आणि वरून घालावयाचा डबा आणावयास त्यांनी मुलाला आत पाठविले.